चराऊ जमिनीचा वापर बदलतो तेव्हा: रानटी कळप आणि गावं यांच्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळरान, कुरण, स्टेप, सॅव्हाना, टुंड्रा अशा सगळ्या चराऊ जमिनी एकत्र धरल्या तर त्या जगाच्या भूभागाचा निम्म्याहून अधिक हिस्सा व्यापतात. तरीही जंगलतोडीवर जेवढं बोललं जातं त्याच्या पासंगालाही कुरणतोडीची चर्चा पुरत नाही. इथे घेतलेले प्रश्न नेहमी कानावर येणारे आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण ती दोन ओळींत देता येत नाहीत.

"जमिनीचा वापर बदलणं" यात नेमकं काय येतं?

डोळ्यांना दिसतो तो नांगर. कुरण फोडून गहू, सोयाबीन किंवा मका लावला की बदल कुणालाही कळतो. त्याखेरीज तारेचं कुंपण, रेल्वे, महामार्ग, खाणी, वस्ती, सौर प्रकल्प, कालवे आणि कुरणावर केलेली झाडांची लागवडही यातच मोडते.

पण सगळ्यांत खोलवर जाणारा बदल बहुतेक वेळा कागदावर होतो. सामायिक कुरणाचे हिस्से पाडून प्रत्येक कुटुंबाच्या नावावर एकेक तुकडा चढवला, तर त्या दिवशी माळावर काहीच वेगळं दिसत नाही. गवत तेच, गुरं तीच. पुढे कुणी कुंपण घालतो, कुणी विकतो, कुणी ट्रॅक्टरवाल्याला भाड्याने देतो. दहा-पंधरा वर्षांनी कळप अडतात, आणि तेव्हा लोक कारण शोधत पावसाकडे बघतात.

थोडीशी जमीन नांगरली, बाकी कुरण तर शिल्लकच आहे. मग प्राणी इतके का घटतात?

कारण सगळं गवत सारखं नसतं. कळपाच्या वर्षभराच्या फेऱ्यात काही जागा अशा असतात, की त्या गेल्या तर बाकीच्या असून उपयोग नाही.

केनियातल्या नारोक भागात लोइटा नावाची मैदानं आहेत. मारा म्हणजे टांझानियातल्या सेरेंगेटीला लागून असलेला केनियाचा भाग. तिथले विल्डबीस्ट (बैलासारखी दिसणारी आफ्रिकी हरणं) पावसाळ्यात लोइटात चरायला आणि व्यायला जात. 1970 च्या दशकाच्या मध्यापासून तिथे यंत्राने गव्हाची शेती वाढली. सुमारे 5 हजार हेक्टरांवर असलेली लागवड वीस वर्षांत 50 हजार हेक्टरांपर्यंत गेली. संपूर्ण परिसराच्या मानाने हा आकडा छोटाच. पण नेमकी विणीच्या हंगामातली, सकस गवताची जागा नांगराखाली गेली होती. या केनियन विल्डबीस्टची संख्या 1977 मध्ये सुमारे 1 लाख 20 हजार होती. ती दोन दशकांत चौथ्या हिश्शाच्याही खाली आली.

यात बघण्यासारखी गोष्ट सीमेपलीकडे आहे. टांझानियातल्या सेरेंगेटीत याच काळात 13 लाखांच्या आसपासचा कळप मोठ्या प्रमाणावर टिकून राहिला. पाऊस त्याच भागातला, प्राणी तेच, दोन्हीकडचे पशुपालकही मासाईच. फरक होता तो जमिनीच्या मालकीचा, बाजाराचा आणि सरकारी धोरणाचा. "लोकसंख्या वाढली म्हणून झालं" असं सरसकट म्हणणाऱ्यांनी ही तुलना एकदा नीट बघावी.

हे प्राणी एकाच जागी राहून का चरत नाहीत?

चरता आलं असतं तर एवढी पायपीट त्यांनी केलीच नसती.

सेरेंगेटीच्या आग्नेयेकडच्या मैदानांवर ज्वालामुखीच्या राखेची माती आहे. तिथलं आखूड गवत कॅल्शियम आणि फॉस्फरसने समृद्ध असतं, आणि पान्हा आलेल्या मादीला नेमकं हेच लागतं. म्हणून लाखो विल्डबीस्ट तिथे जमतात आणि बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांच्या आत जन्मतात. पण या मैदानांवर पाऊस कमी. तो संपला की पाणीही संपतं आणि गवत वाळून जातं. उत्तरेला माराकडे पाऊस जवळजवळ दुप्पट आणि नदीही बारमाही, पण तिथलं गवत उंच आणि त्या मानाने निकस. एका जागी सकस गवत आहे पण पाणी नाही, दुसरीकडे पाणी आहे पण कस नाही. वर्षभर जगायचं तर दोन्ही जागा हव्यात आणि त्यांच्यामधली वाटही हवी.

थंड प्रदेशात हेच गणित उंचीचं असतं. वसंतात बर्फ वितळत वर सरकतं, तसतसं कोवळं गवत वर फुटत जातं, आणि हरणं, एल्क, रानमेंढे त्या हिरव्या रेषेमागे चढत जातात. कोवळ्या गवतात प्रथिनं जास्त आणि तंतू कमी असतात. आठवडाभर उशीर झाला तरी तेच गवत राठ होतं.

कुंपणाने एवढं काय बिघडतं? तार तर आहे.

माझ्या मते चराऊ प्राण्यांचं सर्वाधिक कमी मोजलं गेलेलं नुकसान कुंपणाने केलंय. नांगरलेली जमीन उपग्रहाच्या चित्रात दिसते, तार दिसत नाही.

बोत्स्वानात 1950 च्या दशकापासून लाळ्या-खुरकुत रोखण्यासाठी शेकडो किलोमीटरची पशुवैद्यकीय कुंपणं उभी राहिली. गोमांसाच्या निर्यातीसाठी ती हवी होती. दुष्काळात कालाहारीतले विल्डबीस्ट नेहमीप्रमाणे पाण्याकडे निघाले आणि तारेला अडले. 1960 च्या दशकात आणि पुन्हा 1983 च्या सुमारास ते हजारोंच्या संख्येने मेले. त्यांना मारलं ते तहान आणि भुकेने. तारेने त्यांना फक्त थांबवून धरलं.

मंगोलियात उलानबातरहून बीजिंगकडे जाणारी रेल्वे 1956 मध्ये पूर्ण झाली. रुळांवर गुरं येऊ नयेत म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण आहे. मंगोलियन गॅझेल या तिथल्या हरणाला ठरावीक वाट नसते. कुठे पाऊस पडलाय, कुठे बर्फ कमी आहे ते पाहून कळप भटकतो. कडक हिवाळ्यात हे कळप रेल्वेपाशी येऊन अडतात, कुंपणाच्या कडेने चालत राहतात, आणि काही तारेत अडकून मरतात. गळ्यात माग काढणारं यंत्र बसवलेल्या गॅझेलांच्या वाटांच्या नकाशावर ही रेल्वेरेषा एखाद्या भिंतीसारखी उमटते.

उत्तर अमेरिकेतल्या हरणासारख्या प्राँगहॉर्नचं उदाहरण वेगळं आहे. ताशी 80 किलोमीटरहून अधिक वेगाने पळणारा हा प्राणी, पण उडी मारायला नाखूश. मोकळ्या मैदानात उत्क्रांत झाल्यामुळे उंच अडथळा ओलांडायची त्याला सवयच नाही. तो तारेखालून सरपटत जातो. खालची तार काटेरी आणि जमिनीलगत असेल तर पाठीवरचे केस पट्ट्यापट्ट्याने निघून येतात, कातडी सोलवटते आणि हिवाळ्यात तिथूनच थंडी शिरते. वाटेवर एका पाठोपाठ एक अशी डझनावारी कुंपणं असली की प्रत्येक ठिकाणी वेळ आणि ताकद खर्ची पडते.

वाट बंद झाली की प्राणी ती विसरतात का?

विसरतात. पण याला एक दिलासा देणारा अपवादही आहे.

बोत्स्वानात ओकावांगो नदीचा त्रिभुज प्रदेश आणि मकगादिकगादीची खारी मैदानं यांच्यामध्ये 1968 मध्ये कुंपण पडलं आणि झेब्र्यांचं स्थलांतर थांबलं. 2004 मध्ये ते काढलं. मधली छत्तीस वर्षं म्हणजे झेब्र्याच्या आयुष्याहून कितीतरी जास्त काळ, त्यामुळे जुनी वाट पाहिलेला एकही झेब्रा उरलेला असणं शक्य नव्हतं. तरी काही वर्षांतच कळप पुन्हा त्या वाटेने जाताना आढळले. येऊन-जाऊन अंतर सुमारे 580 किलोमीटर. त्यांनी ती वाट कशी शोधली याची खात्रीशीर उकल झालेली नाही. पाऊस आणि हिरवळीचा माग काढत ते पोचले असावेत.

उलट उदाहरण अमेरिकेतल्या बिगहॉर्न मेंढ्यांचं. जिथून त्या नाहीशा झाल्या होत्या तिथे माणसांनी त्यांना पुन्हा नेऊन सोडलं. नव्या कळपांतल्या बहुतेक मेंढ्या वर्षानुवर्षं स्थलांतर न करता तिथेच राहिल्या. कोणत्या उतारावर कधी गवत फुटतं हे ज्ञान आईकडून पिल्लाकडे जातं, आणि ते कळपात रुजायला अनेक दशकं लागली. जुन्या कळपाची वाट तोडली तर ती पिढ्यान् पिढ्यांची माहितीही जाते. नंतर पैसे ओतून ती आणता येत नाही.

गुरं आणि रानटी प्राणी एकच गवत खातात. मग ते एकमेकांचे शत्रूच नाहीत का?

अर्धं खरं. केनियातल्या लायकिपिया भागात 1995 पासून एक मोठा प्रयोग चालू आहे. काही वाफ्यांत फक्त गुरं, काहींत गुरं आणि झेब्र्यासारखे रानटी प्राणी एकत्र. 2011 मध्ये आलेला निष्कर्ष असा, की कोरड्या हंगामात रानटी प्राण्यांमुळे गुरांचं वजन कमी वाढतं, म्हणजे स्पर्धा आहेच. पण पावसाळ्यात उलट होतं. झेब्रा वरचा राठ, वाळका भाग खाऊन टाकतो, खालचं कोवळं गवत गुरांना मोकळं होतं आणि त्यांचं वजन अधिक वाढतं.

माणसाच्या वस्तीने कुरण सुधारल्याचा पुरावाही आहे. पूर्व आफ्रिकेत पशुपालक रात्री गुरं वाड्यात कोंडतात. वस्ती हलली की मागे शेणाचा जाड थर राहतो. नारोक भागात उत्खननात सापडलेल्या दीड ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या अशा जागा आजही आजूबाजूच्या मातीपेक्षा फॉस्फरस आणि नायट्रोजनने समृद्ध आहेत. तिथे गवत हिरवंगार असतं आणि रानटी कळप तिथे आवर्जून चरतात. म्हणजे ज्या कुरणाला आपण "अस्पर्श निसर्ग" म्हणतो, ते काही अंशी गुराख्यांनीच घडवलेलं आहे.

रोगांचं काय? रानटी प्राण्यांमुळे गुरं मरतात हे तर खरं आहे ना?

काही रोगांबाबत खरं आहे, काहींबाबत दिशा उलटी आहे.

बुळकांडी हा रोग 1880 च्या दशकाच्या अखेरीस गुरांबरोबर आफ्रिकेत शिरला. काही वर्षांत गुरं, रानरेडे, विल्डबीस्ट यांचा फडशा पडला आणि पशुपालकांत भयंकर दुष्काळ पडला. 1960 च्या दशकात सेरेंगेटीभोवतीच्या गुरांना लस दिल्यावर रानातला रोगही संपला आणि विल्डबीस्ट अडीच-तीन लाखांवरून 1970 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत 13 लाखांवर गेले. 2011 मध्ये बुळकांडीचं जगातून उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. इथे रानटी प्राण्यांना वाचवलं ते गुरांच्या लसीने.

याउलट, विल्डबीस्टच्या नवजात पिल्लांकडून गुरांना एक विषाणूजन्य ज्वर होतो आणि तो बहुधा जीवघेणा ठरतो. मासाई पशुपालकांनी यावर शोधलेला उपाय साधा आहे. पिल्लं होण्याच्या काळात आखूड गवताची मैदानं विल्डबीस्टला सोडून द्यायची आणि आपली गुरं उंचावर न्यायची. दोन-तीन महिन्यांनी धोका ओसरला की परत यायचं. पण उंचावरच्या जमिनीवर कुणी कुंपण घातलं किंवा तिथे गहू पेरला, की गुरं न्यायची कुठे? जो रोग शतकानुशतकं हालचालीने टाळता येत होता तो मग रानटी प्राण्यांबद्दलच्या रागाचं कारण बनतो.

पशुपालक कुटुंबांवर याचा नेमका काय परिणाम होतो?

रानटी कळपांवर होतो तोच, फक्त कर्जासकट.

कोरड्या प्रदेशात पाऊस ठिकठिकाणी, तुटक पडतो. गुरं घेऊन जिथे पाऊस पडला तिथे जाता येणं हाच तिथला विमा. सामायिक कुरण मोठं असेल तर एका बाजूचा दुष्काळ दुसऱ्या बाजूने झेलता येतो. तेच कुरण शंभर-शंभर एकरांत वाटलं, तर ज्याच्या तुकड्यावर यंदा पाऊस नाही त्याची गुरं उपाशी राहतात. मग चारा विकत घेणं, गुरं पडत्या भावात विकणं, ट्रकने हलवणं हे सगळं पैशाचं काम होतं. ज्याच्याकडे पैसा आहे तो तरतो. बाकीचे दुसऱ्याची गुरं राखायला जातात किंवा शहर गाठतात.

2009 च्या दुष्काळात केनियाच्या अंबोसेली भागात बहुतांश विल्डबीस्ट आणि झेब्रे मेले, आणि त्याच वेळी पशुपालकांचे कळपही आडवे झाले. दोन्हींचं संकट एकच होतं: आपत्काळासाठी राखलेलं, पाणथळीजवळचं गवत बऱ्याच ठिकाणी उरलं नव्हतं.

याचा भार घरात सारखा वाटला जात नाही. गडीमाणसं गुरांमागे लांब जातात आणि म्हातारी माणसं, लेकरं, दुभत्या गाई बायकांच्या भरवशावर मागे राहतात. पाण्याची वाट दुसऱ्याच्या कुंपणामुळे लांबली की ती आधी बायकांना चालावी लागते.

पण स्वतःच्या नावावर जमीन झाली तर लोकांचं भलंच होईल ना?

ही इच्छा चुकीची नाही, आणि ती बाहेरून लादलेली आहे असंही नेहमी नसतं. केनियात 1968 च्या कायद्याने मासाई भागात सामूहिक मालकीची मोठी कुरणं नोंदवली गेली. 1980 च्या दशकापासून सभासदांनीच त्यांची वाटणी मागितली. कारणं पटण्याजोगी होती: समितीतले वजनदार लोक जमीन परस्पर लाटत होते, बँक नावावर जमीन असल्याशिवाय कर्ज देत नव्हती, आणि वाटणी आज झाली नाही तर मुलांना काहीच मिळणार नाही ही भीती होती.

वाटणीनंतर मात्र चांगल्या मातीचे, पाण्याजवळचे तुकडे अनेक ठिकाणी समितीवाल्यांच्याच पदरात पडले. काहींनी अडचणीत जमीन विकली. काही शेजाऱ्यांनी कुंपणं न घालता एकत्रच चारायचं ठरवलं, आणि त्यांचं बरं चाललंय. नावावर जमीन असणं आणि ती एकत्र वापरणं यांत विरोध नाही. फक्त तसा करार आधीच व्हावा लागतो, कारण पहिलं कुंपण पडलं की दुसरा घालतोच.

राष्ट्रीय उद्यान केलं की प्रश्न सुटतो ना?

क्वचित. उद्यानाच्या सीमा माणसांनी आखलेल्या असतात. केनियात रानटी प्राण्यांपैकी मोठा हिस्सा वर्षातला बराच काळ उद्यानांबाहेर, लोकांच्या जमिनीवर असतो. भोवतालची जमीन बंद झाली की उद्यान बेट बनतं, आणि बेटावर अडकलेला स्थलांतरी कळप हळूहळू आक्रसतो.

शिवाय उद्यान हाही जमिनीच्या वापरातला बदलच आहे, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. सेरेंगेटी उद्यान 1951 चं. 1959 मध्ये तिथल्या मासाईंना बाहेर काढून ङ्गोरोङ्गोरो हे वेगळं संवर्धन क्षेत्र केलं गेलं, आणि तिथे गुरांसह राहण्याचा हक्क त्यांना देण्यात आला. त्या हक्कावरून आजतागायत वाद धुमसतोय. ज्यांच्या चराईमुळे ते कुरण कुरण राहिलं, त्यांनाच त्याचे शत्रू ठरवणं हा अन्याय आहेच, आणि शहाणपणाचं धोरणही नाही.

शिकार हे खरं कारण नाही का?

काही प्राण्यांच्या बाबतीत, हो. कझाकस्तानातला सैगा (स्टेपवर राहणारं हरणासारखं जनावर) हे ठळक उदाहरण. सोव्हिएत संघ फुटल्यावर बेकारी, गरिबी आणि शिंगांना मिळणारी किंमत यांमुळे शिकार बेसुमार वाढली आणि दहा-बारा वर्षांत सैगा 90 टक्क्यांहून अधिक घटला. पण शिकार थांबली की कळप सावरू शकतो, जर गवत आणि वाट शाबूत असेल. 2015 मध्ये जीवाणूच्या संसर्गाने काही आठवड्यांत 2 लाखांहून अधिक सैगा मेले. तरी 2023 पर्यंत संख्या 19 लाखांच्या घरात पोचली आणि त्या वर्षाच्या अखेरीस तो अतिसंकटग्रस्त यादीतून बाहेर आला. लोइटाच्या मैदानावर असं सावरणं दिसत नाही, कारण तिथे जमीनच राहिलेली नाही.

संख्या वाढली की शेतकऱ्यांचं नुकसान वाढतं. त्याचं काय?

हा प्रश्न टाळणाऱ्या संवर्धनवाल्यांचा मला राग येतो. सैगा वाढले तसे पश्चिम कझाकस्तानातले शेतकरी तक्रार करू लागले: पीक तुडवतात, चाऱ्याचं गवत संपवतात, गुरांच्या पाणवठ्यांवर गर्दी करतात. तक्रार खरी होती. सरकारने 2023 मध्ये संख्या कमी करण्यासाठी प्राणी मारायला सुरुवात केली, त्यावर वाद पेटला.

पीक कापणीला आलेलं असताना एका रात्रीत कळप शिरला तर त्या कुटुंबाचं वर्ष जातं. प्राण्यांचं कौतुक दूरवरच्या माणसाला, किंमत मात्र बांधावरच्याला. भरपाईच्या योजना बऱ्याच देशांत आहेत, पण पंचनामा उशिरा होतो, पुरावा मागितला जातो आणि रक्कम हाती येईस्तोवर पुढचा हंगाम निघून जातो. शिवाय गवत खाल्ल्याची भरपाई जवळपास कुठेच मिळत नाही. पीक मोजता येतं, चरलेलं कुरण मोजायला कुणी येत नाही. भरपाईपेक्षा, जमीन कळपांसाठी मोकळी ठेवल्याबद्दल ठरलेलं नियमित भाडं हा मार्ग अधिक चालल्याचं दिसतं.

असं भाडं देण्याचे प्रयोग कुठे झालेत?

माराच्या सीमेलगत 2006 पासून जमीनमालकांनी आपले तुकडे एकत्र करून पर्यटन कंपन्यांना भाड्याने दिले. मालकाला दरमहा ठरलेली रक्कम मिळते. त्या बदल्यात कुंपण घालायचं नाही, घर बांधायचं नाही आणि गुरं आखून दिलेल्या पाळीनेच चारायची. नामिबियात 1996 च्या कायद्याने गावसमूहांना रानटी प्राण्यांपासून उत्पन्न घेण्याचे हक्क मिळाले. आज तिथे अशी ऐंशीहून अधिक क्षेत्रं आहेत आणि ती देशाचा सुमारे पाचवा हिस्सा व्यापतात.

त्रुटी आहेत. भाडं ज्याच्या नावावर जमीन त्यालाच, म्हणजे बहुतेक पुरुषांना. वाटणीत ज्यांना काही मिळालं नाही त्यांची चराई बंद होते आणि हातात पैसाही येत नाही. पर्यटनावरचा भरवसा किती कच्चा आहे ते 2020 मध्ये विमानं थांबली तेव्हा कळलं. काही ठिकाणी भाडं घटलं, काही ठिकाणी रखडलं. तरीही पर्याय म्हणून कुंपण किंवा गहू असेल, तर मी हे भाडंच निवडेन.

माळरानावर झाडं लावली तर चांगलंच ना?

नाही. अनेक देशांच्या महसुली नोंदींत कुरण "पडीक" म्हणून चढलेलं असतं आणि मग त्याचा "विकास" करायला सगळे मोकळे होतात. झाडांच्या दाट सावलीत गवत मरतं. गुजरातेतल्या कच्छच्या बन्नी कुरणात खारटपणा रोखण्यासाठी 1961 पासून वेडी बाभूळ लावली. गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी पसरलं आणि आज त्या कुरणाचा मोठा भाग काटेरी झुडपाखाली आहे. मालधारी पशुपालकांना चाऱ्यासाठी लांब जावं लागतं, आणि चिंकाऱ्यासारख्या उघड्यावर चरणाऱ्या प्राण्याची जागाही आटते. जमिनीखालच्या मुळांत गवत भरपूर कार्बन साठवतं. तो हिशेब झाडं मोजणाऱ्यांच्या वहीत येत नाही.

सौर प्रकल्प तरी निरुपद्रवी आहेत ना?

वीज स्वच्छ आहे, पण कुंपण कुंपणच राहतं. जागा निवडताना कळपांच्या वाटा आधी पाहिल्या आणि एका मोठ्या घेराऐवजी मधून रुंद पट्टा मोकळा ठेवून दोन-तीन घेर केले, तर बरंचसं नुकसान टळतं. नंतर सुधारणा करणं फार महाग पडतं.

एकदा नांगरलेली जमीन पुन्हा कुरण होते का?

होते, पण घाईत नाही. 1954 नंतर सोव्हिएत सरकारने कझाकस्तानात सुमारे अडीच कोटी हेक्टर स्टेप नांगरला. 1991 नंतर त्यातली लाखो हेक्टर शेती ओस पडली. आधी तण आलं, मग हळूहळू स्टेपचं गवत परतलं. सैगाच्या पुनरागमनाला ही मोकळी जागा उपयोगी पडली. मात्र जवळपास मूळ कुरण शिल्लक होतं म्हणून बी येऊ शकलं. सगळंच नांगरलं असतं तर बी कुठून आलं असतं? मुळांचं जाळं आणि मातीतला कार्बन पूर्ववत व्हायला कित्येक दशकं लागतात.

आमच्या भागात असं काही करायचं तर सुरुवात कुठून करावी?

नकाशापासून. तोही कार्यालयात बसून केलेला नको. ज्यांनी आयुष्यभर गुरं राखली त्यांना सोबत घेऊन पावसाळी चराई कुठे, दुष्काळात राखून ठेवायचं गवत कुठे, पाणी कुठे, कळप कुठून जातात हे जमिनीवर फिरून उतरवून घ्यावं. गुरांच्या आणि रानटी कळपांच्या वाटा बऱ्याचदा एकच निघतात, आणि त्यामुळे ती वाट राखायला गावातलेच लोक उभे राहतात.

मग अडथळे. सगळी कुंपणं काढा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही. पीक आहे तिथे ती हवीतच. कुरणातली मात्र सुधारता येतात. खालची तार बिनकाट्याची आणि जमिनीपासून 40 ते 45 सेंटिमीटरवर घ्यावी, म्हणजे प्राँगहॉर्नसारखा प्राणी खालून जातो. वरची तार साधारण मीटरभर उंचीपेक्षा वर नको, आणि वरच्या दोन तारांमध्ये किमान 30 सेंटिमीटर अंतर हवं, नाहीतर उडी मारणाऱ्या हरणाचा मागचा पाय दोन तारांत पिळून अडकतो. गुरं नसतील त्या महिन्यांत फाटकं उघडी टाकली तर खर्च शून्य.

नवा बोअर किंवा टाकी कुठे घ्यायची हे ठरवतानाही विचार हवा. पाणी आलं की वस्ती येते, आणि राखून ठेवलेलं दुष्काळी गवत दोन वर्षांत संपतं. जिथे पाणी नव्हतं म्हणून गवत टिकलं होतं, तिथे पाणी नेण्याआधी गावाने सभा घेऊन चराईचे महिने ठरवावेत आणि ते लिहून काढावेत. मोठा रस्ता येणार असेल तर आखणीच्या टप्प्यावरच बोलावं. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये प्राँगहॉर्नच्या हजारो वर्षांच्या वाटेवर महामार्ग होता, तिथे 2012 मध्ये त्यांच्यासाठी रस्त्यावरून पूल बांधला आणि कळप तो वापरू लागले. पण हा खर्च श्रीमंत सरकारला परवडला. आखणी बदलायला त्याच्या तुलनेत फारच थोडा पैसा लागतो.